स्थलांतरित जोडीदारांचा प्राप्तिकर व कागदपत्रे (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विवाहाच्या नात्याने नव्याने राहावयास आलेल्या परदेशी पतीला किंवा पत्नीला प्राप्तिकर, ओळखक्रमांक आणि वास्तव्याचा परवाना यांसंबंधी जी कागदपत्रे करावी लागतात, त्यांचे विवेचन या लेखात आहे. हे काम दोन स्वतंत्र कायद्यांखाली चालते. देशात राहण्याचा हक्क स्थलांतर कायदा ठरवतो, तर कर किती व कोणत्या उत्पन्नावर द्यावयाचा हे अंतर्गत महसूल संहिता ठरवते. 'निवासी' हा शब्द दोन्हींकडे येतो, पण त्याचा अर्थ एक नाही. ज्या व्यक्तीला नोकरी करण्याची मुभा नाही, जिच्या नावावर अमेरिकेत एक डॉलरही जमा होत नाही, तीसुद्धा करकायद्याच्या दृष्टीने पूर्ण निवासी ठरू शकते आणि मग भारतातील तिच्या ठेवींवरील व्याजही अमेरिकी विवरणपत्रात दाखवावे लागते. नव्याने आलेल्या कुटुंबांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

पार्श्वभूमी

भारतातून जाणारे जोडीदार साधारणपणे तीन वाटांनी अमेरिकेत पोहोचतात. पहिली वाट कुशल कर्मचाऱ्याच्या आश्रिताची असून त्यात एच-१बी धारकाच्या जोडीदाराला एच-४ आणि कंपनीअंतर्गत बदलीवर गेलेल्या एल-१ धारकाच्या जोडीदाराला एल-२ व्हिसा मिळतो. दुसरी वाट विद्यार्थ्याच्या किंवा संशोधकाच्या आश्रिताची, म्हणजे एफ-२ व जे-२ व्हिसाची आहे. तिसरी वाट अमेरिकी नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी विवाह करून कायम वास्तव्याचा परवाना घेण्याची. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात या तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे स्थलांतरित व्हिसाचे अर्ज हाताळले जातात.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथून संगणक क्षेत्रात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांत पहिली वाट अधिक परिचयाची आहे. एच-४ वर येणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया असतात आणि त्यांतील पुष्कळ जणी पदवीधर, नोकरी सोडून आलेल्या असतात. कायद्याच्या भाषेत त्या 'आश्रित' होत. हा शब्द करकायद्यातही आहे. मात्र तेथे तो मुलांसाठी व आईवडिलांसारख्या अवलंबितांसाठी वापरला जातो. पती किंवा पत्नी करकायद्यात कधीही आश्रित धरली जात नाही.

करदृष्ट्या निवासी कोण

१९८४ च्या कायद्याने यासाठी दोन कसोट्या घालून दिल्या. ग्रीन कार्ड असणारी व्यक्ती निवासीच असते. इतरांना 'भरीव उपस्थिती'ची कसोटी लागते. चालू वर्षात किमान ३१ दिवस आणि तीन वर्षांत भारित हिशेबाने किमान १८३ दिवस देशात प्रत्यक्ष हजर असले, की ती व्यक्ती निवासी. भारित हिशेब म्हणजे चालू वर्षाचे सर्व दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एकतृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एकषष्ठांश.

व्यवहारात याचा अर्थ असा की एच-४ वर २ जुलै रोजी किंवा तत्पूर्वी पहिल्यांदाच आलेली आणि वर्षअखेरपर्यंत बाहेर न गेलेली व्यक्ती त्याच वर्षी निवासी ठरते. तीच व्यक्ती १० ऑगस्टला आली तर तिचे त्या वर्षी १४४ दिवस भरतात व ती अनिवासी राहते. पुढच्या वर्षी मात्र ती निश्चितपणे निवासी होते. मध्यंतरी बाळंतपणासाठी किंवा सणासाठी भारतात काढलेले दिवस मोजणीतून वगळले जातात. म्हणून पारपत्रावरील शिक्के आणि विमानतिकिटे जपून ठेवणे उपयोगाचे असते.

एफ-२ व जे-२ धारकांचे गणित निराळे आहे. विद्यार्थ्याला व त्याच्या जोडीदाराला साधारणतः पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतील दिवस मोजावे लागत नाहीत. संशोधक वा अध्यापक म्हणून आलेल्यांना ही सवलत त्याहून थोडी वर्षे मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षे अमेरिकेत राहूनही ते अनिवासीच असतात. काही उत्पन्न नसले तरी अशा प्रत्येक व्यक्तीने ८८४३ क्रमांकाचा अर्ज स्वतंत्रपणे पाठवावयाचा असतो. पैसे भरावयाचे नसल्यामुळे हा कागद सर्वांत जास्त विसरला जातो.

वर्षाच्या मध्यात निवासी झालेल्या व्यक्तीचे ते वर्ष 'दुहेरी स्थितीचे' मानले जाते. आगमनापूर्वीचा भाग अनिवासी, नंतरचा निवासी. अशा वर्षी प्रमाणित वजावट घेता येत नाही आणि संयुक्त विवरणपत्रही भरता येत नाही. त्यातून सुटण्यासाठी पुढे सांगितलेला पर्याय आहे.

ओळखक्रमांक

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा क्रमांक १९३६ पासून दिले जातात. मूळ हेतू निवृत्तिवेतनासाठी पगाराची नोंद ठेवणे एवढाच होता. आता बँक, घरभाडे, विमा, वीजजोडणी अशा सर्वच ठिकाणी तो विचारला जातो. हा क्रमांक काम करण्यास अधिकृत असलेल्यांनाच मिळतो. त्यामुळे कामाचा परवाना नसलेल्या एच-४ धारकास किंवा कोणत्याही एफ-२ धारकास तो मिळत नाही. वाहनपरवान्यासाठी अनेक राज्यांत या क्रमांकाऐवजी सामाजिक सुरक्षा कार्यालयाचे 'अपात्रतेचे पत्र' सादर करावे लागते. नकाराचे पत्र मागण्यासाठी रांगेत उभे राहण्याचा हा प्रकार नवागतांना चमत्कारिक वाटतो, पण त्या पत्राविना पुढचे काम अडते.

करापुरता वेगळा क्रमांक १९९६ पासून दिला जातो. त्याला आयटीआयएन म्हणतात. तो नऊ अंकी असून ९ या अंकाने सुरू होतो. त्याने नोकरीचा अधिकार मिळत नाही आणि वास्तव्याचा दर्जाही बदलत नाही. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज करावा लागतो व तो सामान्यतः विवरणपत्राला जोडून टेक्सासमधील ऑस्टिन येथे टपालाने पाठवला जातो. विवरणपत्रात जोडीदाराच्या क्रमांकाची जागा तोवर कोरी ठेवावयाची असते. क्रमांक आधी मिळवून मग विवरणपत्र भरू, असा सरळ विचार येथे चालत नाही.

अर्जासोबत ओळख पटवणारा मूळ दस्तऐवज किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. पारपत्र असेल तर दुसरा दस्तऐवज लागत नाही. नोटरीने साक्षांकित केलेली प्रत २०१२ पासून चालत नाही. भारतात नोटरीचा शिक्का सर्वत्र चालत असल्याने ही चूक वारंवार होते आणि अर्ज परत येतो. मूळ पारपत्र टपालात टाकावयाचे नसेल तर महसूल सेवेच्या निवडक साहाय्य केंद्रांत वेळ ठरवून जाता येते, किंवा मान्यताप्राप्त प्रमाणन अभिकर्त्याकडे पारपत्र दाखवून त्याच्यामार्फत अर्ज करता येतो. अभिकर्ता शुल्क घेतो. तरीही ज्या कुटुंबात आजारी आईवडिलांमुळे अचानक भारतात जावे लागण्याची शक्यता आहे, त्यांनी पारपत्र अनेक आठवडे हातावेगळे करण्यापेक्षा हे शुल्क देणे शहाणपणाचे. महसूल सेवा स्वतः या कामास सात आठवडे, आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत नऊ ते अकरा आठवडे लागतात असे सांगते.

सलग तीन वर्षे कोणत्याही विवरणपत्रात न वापरलेला आयटीआयएन २०१५ च्या कायद्यानुसार कालबाह्य होतो. पुढे कामाचा परवाना आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळाला तर जुना क्रमांक वापरणे थांबवून तसे महसूल सेवेला लेखी कळवावे लागते, म्हणजे दोन्ही नोंदी एकत्र केल्या जातात.

क्रमांकाच्या या भेदाला किती किंमत असू शकते हे २०२० साली दिसले. कोविड साथीच्या काळात मार्च २०२० मध्ये झालेल्या मदत कायद्याने प्रौढ व्यक्तीस १,२०० डॉलर व प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर देऊ केले. परंतु संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यापैकी एकाकडे आयटीआयएन असेल, तर सैन्यदलातील कुटुंबांचा अपवाद वगळता दुसऱ्यालाही, अगदी तो जन्माने अमेरिकी नागरिक असला तरी, काहीच मिळाले नाही. मुलांचाही वाटा गेला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने सुधारण्यात आली व वगळलेल्यांना ती रक्कम २०२० च्या विवरणपत्रातून मागता आली.

संयुक्त विवरणपत्र

पतिपत्नींनी एकत्र विवरणपत्र भरण्याची मुभा १९१८ पासून आहे. त्याचा करलाभ १९४८ च्या कायद्याने मोठा झाला. त्या कायद्यानुसार दांपत्याचे उत्पन्न दोघांत समान वाटल्यासारखे धरून कर काढला जाऊ लागला. ज्या घरात एकच जण कमावतो तेथे हा लाभ सर्वाधिक असतो आणि एच-४ कुटुंबे नेमकी तशीच असतात.

२०२४ या करवर्षाचे उदाहरण घेता येईल. पतीचा पगार १,००,००० डॉलर आहे व पत्नीला उत्पन्न नाही. पतीने विवाहित म्हणून स्वतंत्र विवरणपत्र भरल्यास १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळून संघीय प्राप्तिकर सुमारे १३,८४० डॉलर होतो. दोघांनी संयुक्त विवरणपत्र भरल्यास वजावट २९,२०० डॉलर होते, कराचे टप्पेही रुंदावतात आणि कर सुमारे ८,०३० डॉलरवर येतो. फरक ५,८०० डॉलरच्या आसपास आहे. विवाहित माणसाला 'अविवाहित' म्हणून विवरणपत्र भरता येत नाही. पत्नी भारतातच आहे, अजून आलेली नाही, ही सबब त्यासाठी पुरत नाही.

जोडीदार अनिवासी असेल किंवा त्याचे वर्ष दुहेरी स्थितीचे असेल, तर संयुक्त विवरणपत्रासाठी दोघांना लेखी निवड करावी लागते. अनिवासी जोडीदाराला निवासी मानण्याची निवड कलम ६०१३(जी) खाली होते. त्याच वर्षी निवासी झालेल्या जोडीदाराला संपूर्ण वर्षासाठी निवासी मानण्याची निवड कलम ६०१३(एच) खाली होते व ती आयुष्यात एकदाच करता येते. दोन्हींत एका साध्या कागदावर निवेदन लिहून दोघांनी सही करावयाची आणि ते विवरणपत्राला जोडावयाचे असते. पहिली निवड पुढील वर्षांनाही लागू राहते. एकदा मागे घेतली तर ती पुन्हा करता येत नाही.

या निवडीची किंमत अशी की दोघांचे त्या संपूर्ण वर्षाचे जगभरातील उत्पन्न हिशेबात येते. पत्नीने जानेवारी ते जुलै पुण्यात नोकरी केली असेल तर तो पगार, रजेचे रोखीकरण, मुदत ठेवींचे व्याज हे सर्व डॉलरमध्ये रूपांतरित करून दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराचे श्रेय १११६ क्रमांकाच्या अर्जाने मिळते. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून व अमेरिकेचे करवर्ष जानेवारीपासून असल्याने फॉर्म १६ वरील आकडे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. महिन्यांच्या पगारपत्रकांवरून बेरीज करावी लागते. मोठा पगार सोडून आलेल्या जोडीदाराच्या बाबतीत संयुक्त विवरणपत्र नेहमीच फायद्याचे ठरते असे नाही; दोन्ही रीतींनी आकडे मांडून पाहावेत.

सहीचे परिणाम

संयुक्त विवरणपत्रावर सही करणारे दोघेही संपूर्ण करासाठी एकत्रितपणे आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे जबाबदार असतात. उत्पन्न कोणाचे होते याला महत्त्व नसते. नवऱ्याने धंद्यातील उत्पन्न लपवले, खोट्या वजावटी घेतल्या, तर करथकबाकी, व्याज व दंड पत्नीकडूनही वसूल होऊ शकतो. घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. घटस्फोटाच्या हुकुमात कर पतीने भरावा असे लिहिलेले असले तरी ते त्या दोघांपुरते असते, महसूल सेवेवर बंधनकारक नसते.

म्हणून 'येथे सही कर' एवढे ऐकून शेवटच्या पानावर सही करण्याची घरोघरी चालणारी रीत या बाबतीत धोक्याची आहे. सही करणाऱ्याने किमान पगाराचे डब्ल्यू-२ पत्रक, उत्पन्नाच्या ओळी व परताव्याचे खाते पाहावे. परतावा कोणाच्या खात्यात जमा होणार हे विवरणपत्रावरच लिहिलेले असते. भरलेल्या संयुक्त विवरणपत्राचा उतारा महसूल सेवेकडून मागवण्याचा हक्क दोघांनाही आहे. ४५०६-टी या अर्जावर एकाचीच सही पुरते, दुसऱ्याच्या संमतीची गरज नसते.

अजाण जोडीदाराला दिलासा देण्याची तरतूद १९७१ मध्ये झाली आणि १९९८ मध्ये ती बरीच रुंदावली. त्यासाठी ८८५७ क्रमांकाचा अर्ज आहे. चूक दुसऱ्याची होती, सही करताना ती आपल्याला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, हे दाखवावे लागते. छळ झाला असल्यास किंवा घरचे आर्थिक व्यवहार पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात असल्यास त्याचा विचार होतो. असा अर्ज आल्यावर महसूल सेवेला दुसऱ्या जोडीदारास कळवावेच लागते. मात्र अर्जदाराचा नवा पत्ता त्याला दिला जात नाही. धाकदपटशाने घेतलेल्या सहीचे विवरणपत्र कायद्याने संयुक्त ठरतच नाही.

एक नियम फारसा माहीत नसतो. स्वतंत्र भरलेली विवरणपत्रे साधारणतः तीन वर्षांच्या आत दुरुस्ती करून संयुक्त करता येतात. उलट, संयुक्त भरलेले विवरणपत्र मुदत उलटून गेल्यावर स्वतंत्र करता येत नाही. ज्या जोडीदाराला कागद पाहावयास मिळालेले नाहीत, त्याने थांबण्याने पैशाचा तोटा कायमचा होत नाही. घाईच्या सहीचे मात्र तसे नाही.

भारतातील खाती व मालमत्ता

१९७० च्या बँक गोपनीयता कायद्यानुसार, निवासी व्यक्तीच्या परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षातील कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली तर त्या सर्व खात्यांची माहिती कळवावी लागते. हा अहवाल एफबार या नावाने ओळखला जातो. ८५ रुपयांच्या दराने ही मर्यादा साडेआठ लाख रुपये होते, म्हणजे मध्यमवर्गीय घरातील एक-दोन मुदत ठेवींत ती ओलांडली जाते. अहवाल विवरणपत्राबरोबर जात नाही. तो अर्थखात्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर भरावयाचा असतो. मुदत १५ एप्रिल असून ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. त्यावर कर द्यावा लागत नाही, ती निव्वळ माहिती असते. न दिल्यास मात्र दंड मोठा असतो. जाणूनबुजून न केलेल्या चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे नव्हे तर प्रत्येक अहवालामागे मोजावा, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बिटनर खटल्यात दिला.

मराठी घरांत येथे हमखास अडचण होते ती सामाईक खात्यांची. निवृत्त वडील आपल्या मुदत ठेवींवर मुलीचे नाव दुसरे धारक म्हणून घालतात. पैसा वडिलांचा, व्याज वडिलांना, मुलीला त्याची नीट माहितीही नसते. तरी अहवालात त्या ठेवींची पूर्ण रक्कम मुलीच्या बाजूने धरली जाते. विवाहापूर्वीची स्वतःची खाती असलेल्या पत्नीला पतीच्या अहवालात सामील होऊन चालत नाही, तिचा अहवाल वेगळा लागतो. ओळखक्रमांक नसल्यास त्यावर पारपत्राचा क्रमांक लिहिता येतो. परदेशी जाण्यापूर्वी आपले नाव कोणकोणत्या खात्यांवर आहे याची यादी आईवडिलांकडून करून घेणे हे सामान बांधण्याइतकेच आवश्यक काम होय.

२०१० च्या फॅटका कायद्याने आणखी एक पत्रक आणले. ८९३८ क्रमांकाचे हे पत्रक विवरणपत्राला जोडले जाते. अमेरिकेत राहणाऱ्या दांपत्याच्या संयुक्त विवरणपत्रासाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीस १,००,००० डॉलर किंवा वर्षभरात केव्हाही १,५०,००० डॉलर अशी आहे. भारत व अमेरिका यांच्यात या कायद्याबाबत जुलै २०१५ मध्ये करार झाला असून भारतीय बँका अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती त्यानुसार पाठवतात. त्यामुळे 'तिकडे कोणाला कळणार' ही समजूत आता खरी राहिलेली नाही.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करपात्र आहे. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवींचेही तसेच. भारतीय म्युच्युअल फंडांना तर अमेरिकी करकायदा विशेष कठोर वागणूक देतो आणि त्यांच्यासाठी ८६२१ हे किचकट पत्रक लागते. छोट्या मासिक गुंतवणुकीचा हिशेब करून घेण्याचे शुल्क कधी कधी तिच्या नफ्याहून जास्त होते. याउलट बँकेच्या लॉकरमधील स्त्रीधनाचे दागिने, स्वतःच्या नावावरील सदनिका किंवा सातबाऱ्यावरील जमीन या गोष्टी वरील दोन्ही अहवालांत दाखवाव्या लागत नाहीत. घराचे भाडे आले तर ते मात्र उत्पन्न होय. भारतातील नातलगांकडून वर्षभरात १,००,००० डॉलरपेक्षा अधिक भेट मिळाल्यास कर नसतो, पण ३५२० क्रमांकाच्या पत्रकाने कळवावे लागते.

भारताच्या बाजूनेही एक कर्तव्य उरते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे अनिवासी झालेल्या व्यक्तीने आपले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावयाचे असते. असलेले भविष्य निर्वाह निधीचे खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही.

नावाचा प्रश्न

महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलण्याची रूढी आहे. काही घरांत लग्नात ताटातील तांदळावर नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. परिणामी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व पदवीवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, पारपत्रावर तिसरे अशी स्थिती होते. अमेरिकी यंत्रणा नाव अक्षरशः जुळवून पाहतात. विवरणपत्रावरील नाव सामाजिक सुरक्षा कार्यालयाच्या नोंदीशी जुळले नाही तर विवरणपत्र नाकारले जाते किंवा परतावा अडकतो.

मधल्या नावाचा घोळ वेगळाच आहे. अमेरिकेत मधले नाव हे व्यक्तीचेच दुसरे नाव असते. वडिलांचे अथवा पतीचे नाव तेथे लिहिण्याची मराठी पद्धत त्यांना ठाऊक नसते. पारपत्रात हे नाव 'दिलेले नाव' या रकान्यात पहिल्या नावालगत छापलेले असेल, तर काही कार्यालये दोन्ही मिळून पहिले नाव धरतात, काही दुसऱ्याला मधले म्हणतात, काही गाळतात. सर्व अर्जांत पारपत्रावरील रूपच अक्षरशः वापरणे आणि पहिला ओळखक्रमांक मिळेपर्यंत नाव न बदलणे हा यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. भारतातच नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जवळ ठेवावी.

विवाहाचा पुरावा म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. लग्नपत्रिका व छायाचित्रे ही त्याची जागा घेत नाहीत, जोड देतात. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली, तसेच हिंदू विवाह अधिनियम व विशेष विवाह अधिनियमाखाली होते. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात दिला होता. प्रमाणपत्रावरील वधूचे विवाहपूर्व नाव जन्मदाखल्याशी जुळते ना, हे गाव सोडण्यापूर्वीच पाहावे. जन्मनोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी राहिलेली असणे ही आपल्याकडे सामान्य गोष्ट आहे आणि ती दुरुस्त करण्यासाठी दूरदेशाहून नगरपालिकेशी पत्रव्यवहार करणे जिकिरीचे असते.

काम करण्याचा परवाना

एच-४ धारकांपैकी ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्राथमिक याचिका मंजूर झाली आहे किंवा ज्याला सहा वर्षांपुढे विशेष मुदतवाढ मिळाली आहे, त्यांना २६ मे २०१५ पासून कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. या नियमाला न्यायालयात अनेक वर्षे आव्हान देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलंबिया विभागाच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. एल-२ जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. आगमननोंदीच्या आय-९४ पत्रकावर 'एल-२एस' अशी खूण असली की पुरते.

परवाना नसताना भारतातील कंपनीचे काम अमेरिकेतील घरी बसून करावे का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. करकायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. काम जेथे बसून केले तेथले ते उत्पन्न, पगार पुण्यातील खात्यात जमा झाला तरी. कर भरला म्हणून स्थलांतर कायद्यात काम अधिकृत होत नाही. अशा कामामुळे पुढे वास्तव्याचा दर्जा अडचणीत येऊ शकतो, म्हणून त्याआधी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

करपत्रे व वास्तव्याचा हक्क

नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराच्या बाबतीत दोन्ही कायदे एकमेकांना येऊन मिळतात. याचिकाकर्त्याला आय-८६४ या प्रतिज्ञापत्रावर जोडीदाराच्या निर्वाहाची हमी द्यावी लागते. सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते आणि त्याचा पुरावा म्हणून शेवटचे विवरणपत्र जोडावे लागते. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. जोडीदार नागरिक झाल्यावर, त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा झाल्यावर, त्याने कायम वास्तव्याचा दर्जा सोडून देशाबाहेर गेल्यावर किंवा मृत्यूनेच ती संपते.

विवाहाला दोन वर्षे होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले तर ते १९८६ च्या कायद्यानुसार दोन वर्षांचे, सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करावयाचा असतो. विवाह खरा आहे याच्या पुराव्यांत संयुक्त विवरणपत्रे, सामाईक बँक खाते आणि दोघांच्या नावाचा भाडेकरार यांना वजन असते. तरी केवळ पुराव्यासाठी न वाचता सही करण्याचे कारण नाही. विवाह मोडला असेल किंवा छळ होत असेल तर दुसऱ्याच्या सहीशिवाय एकट्याने हा अर्ज करता येतो. पत्नीला ग्रीन कार्ड गमावण्याची धमकी देऊन सह्या घेतल्या जातात तेथे ही तरतूद माहीत असणे फार मोलाचे आहे. एच-४ वरील पीडित जोडीदारालाही २००५ च्या कायद्याने कामाच्या परवान्याची स्वतंत्र वाट दिली आहे. घटस्फोट झाल्यावर मात्र एच-४ चा दर्जा उरत नाही, त्यामुळे त्याआधी सल्ला घेणे गरजेचे.

ग्रीन कार्डधारकाने कर वाचवण्यासाठी अनिवासीचे १०४०-एनआर विवरणपत्र भरू नये. कायम वास्तव्य सोडून दिल्याचा तो पुरावा मानला जाऊ शकतो आणि नागरिकत्वाच्या अर्जात याविषयी थेट प्रश्न असतो. घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत एआर-११ या अर्जाने पत्ता कळवावा लागतो. हे बंधन एच-४ धारकांसही आहे, आणि जोडीदाराचा पत्ता कळवल्याने आपला आपोआप कळवला जात नाही.

फसवणूक व साहाय्य

नवागतांना करखात्याच्या नावाने दूरध्वनी करून अटकेची भीती घालणाऱ्या टोळ्या दीर्घकाळ चालल्या. त्यांचे एक मोठे केंद्र ठाणे जिल्ह्यातच निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून अनेकांना अटक केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने भारतातील व अमेरिकेतील अनेक व्यक्ती व संस्थांवर आरोपपत्र जाहीर केले. महसूल सेवा पहिला संपर्क जवळजवळ नेहमी टपालाने करते आणि गिफ्ट कार्डाने पैसे कधीच मागत नाही.

मर्यादित उत्पन्नाच्या व इंग्रजी नीट न येणाऱ्या करदात्यांसाठी १९६९ पासून चालू असलेल्या 'व्हीटा' या स्वयंसेवी कार्यक्रमात ग्रंथालये व सामाजिक केंद्रांत विनामूल्य विवरणपत्र भरून दिले जाते. परदेशी खाती व म्युच्युअल फंडांची कामे तेथे सहसा घेतली जात नाहीत. त्यासाठी दोन्ही देशांचे कायदे जाणणारा करसल्लागार लागतो. सल्लागाराने स्वतःची सही व नोंदणीक्रमांक न घालता विवरणपत्र हातात दिले तर ते त्याच्याकडून घेऊ नये.